नेपल्सला किती दिवस द्यावेत? (आणि सगळे ते टाळायला का सांगतात?)

रानजाई
११ मे

मागच्या आठवड्यात इटलीहून परत आलो. मी, नवरा आणि माझी आई. आईचं वय ६९, गुडघे ठणठणीत, चालायला आमच्या पुढे. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिसवर इथं भरपूर लिहून झालंय, म्हणून त्यावर लिहीत नाही. लिहायचंय ते नेपल्सवर.

जायच्या आधी ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं : नेपल्स टाळा. घाण आहे, चोर आहेत, स्टेशनवर उतरा आणि तडक पॉम्पेई नाहीतर अमाल्फी गाठा. आम्ही हट्टाने चार रात्री घेतल्या. चारही अपुऱ्या पडल्या.

गाव ग्रीकांनी वसवलेलं. नेआपोलिस, म्हणजे नवं शहर. हे 'नवं' शहर अडीच हजार वर्षांचं आहे. त्यांनी आखलेले तीन समांतर रस्ते अजून तिथंच आहेत आणि त्यांवर बाजार भरतो. त्यातल्या एकाला स्पाक्कानापोली म्हणतात, शहर चिरत जाणारा. सांत एल्मोच्या किल्ल्यावरून खाली पाहिलं तर दाट केसांतून पाडलेल्या भांगासारखा दिसतो. दुरून एवढा रेखीव, आत शिरलात तर दोन माणसं आणि एक स्कूटर एवढीच रुंदी.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पॅनिश क्वार्टर्समधल्या एका बोळात शिरलो. तिथं तळमजल्यावर 'बास्सो' असतात. एक खोली, दार थेट रस्त्यावर. अशाच एका दारात एक आजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. मोठ्या, जाड सालीच्या, आतून कापूस लावल्यासारख्या मऊ. आई थांबली. आजींनी एक दाणा काढून तिच्या तळहातावर ठेवला. आईने तो खाल्ला आणि मान डोलावली. आजी आत गेल्या, दुसरी खुर्ची घेऊन आल्या. पुढचा पाऊण तास आई तिथं बसून शेंगा सोलत होती. ही मराठीत बोलत होती, त्या त्यांच्या भाषेत. मी मध्ये फोनवर भाषांतर करायला गेले, तर दोघींनी हाताने 'राहू दे' केलं. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. आजींनी वाडगाभर दाणे तिच्यात ठेवले, दोरीला दोन हिसके दिले, टोपली वर गेली. वरची बाई आम्हाला शेवटपर्यंत दिसली नाही.

त्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी, ध्यानीमनी नसताना सान जेन्नारो या शहराच्या संताची मिरवणूक समोर आली. मेच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी असते म्हणे. कॅथेड्रलपासून सांता कियारा चर्चपर्यंत संतांचे चांदीचे मुखवटे खांद्यावरून जातात, मागे त्या संताचं कुपीतलं रक्त. आईने न सांगता चपला काढल्या आणि हात जोडले. शेजारच्या बाईने तिला पुढे जागा करून दिली.

तर माझे प्रश्न :
नेपल्सला किती दिवस पुरतात? आमचं काय राहिलं? (मंगळवार पुरातत्त्व संग्रहालयासाठी ठेवला होता. ते मंगळवारी बंद असतं हे दारात उभं राहिल्यावर कळलं. त्याची रुखरुख अजून आहे.) आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला तिथं काय वाटलं? एवढं जुनं असूनही ज्याचं संग्रहालय झालं नाही असं शहर मी पहिल्यांदा पाहिलं.

ओसरी
११ मे

टोपलीपाशी थांबून पुन्हा वरून वाचलं. आईंचा शेंगा सोलतानाचा फोटो असेल तर टाकच.

दर्यावर्दी
११ मे

नेपल्सला समुद्रातून यावं. पहाटे डेकवर उभं राहिलं की आधी व्हेसुव्हियसची दोन शिखरं दिसतात, मग उजाडता उजाडता पायथ्यापर्यंत भिडलेली घरं. ज्वालामुखीच्या इतक्या अंगाशी इतकी माणसं राहतात हे नकाशावर कळत नाही. मर्चंट नेव्हीत असताना सात-आठ वेळा गेलोय. २००८ साली गेलो तेव्हा कचऱ्याचा प्रश्न टोकाला होता, रस्त्यांत माणसाच्या उंचीचे ढीग. 'घाण शहर' हे नाव तेव्हाचं आहे आणि लोकांनी ते घट्ट धरून ठेवलंय. मागच्या वर्षी बायकोला घेऊन गेलो तर तुमच्या-आमच्या शहरांपेक्षा वाईट काही दिसलं नाही.

किती दिवस? निदान पाच. त्यातला एक प्रोचिदा बेटासाठी. काप्रीला सगळे जातात. प्रोचिदाला कोळ्यांची रंगीत घरं आणि शांतता आहे.

सरळमार्गी
१२ मे

माझा अनुभव उलटा आहे आणि तोही इथं असावा म्हणून लिहितो.

२०१९ ला आम्ही दोघं गेलो. पहिल्याच दिवशी गर्दीच्या गाडीत पाकीट गेलं. दोन जण दारात अडवून उभे, तिसऱ्याने काढलं. पासपोर्ट हॉटेलवर होते म्हणून वाचलो. उरलेला दिवस तक्रार लिहून देण्यात गेला. नंतरचे दोन दिवस बायको पर्स छातीशी धरून चालत होती. असं चालताना शहर दिसत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बास्सोत राहणाऱ्या माणसांकडे बघून 'किती जिवंत शहर' म्हणणं मला पटत नाही. एका खोलीत तीन-चार माणसं, खिडकी नाही, उजेड आणि वारा एका दारातून, भिंतींना ओल. दार उघडं असतं कारण बंद केलं तर गुदमरायला होतं. मी स्वतः गिरगावात चाळीत वाढलो. चाळीचं कौतुक मी नेहमी चाळ सोडून गेलेल्यांच्या तोंडूनच ऐकलंय.

ओसरी
१२ मे

सरळमार्गी, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. पण आमची आजी चाळ सोडताना आठ दिवस रडली होती, हेही खरं आहे.

रानजाई
१२ मे

@सरळमार्गी, पाकीट गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आम्ही कंबरेला पट्टा बांधला होता, त्यामुळे निर्धास्त होतो. तो फरक मोठा आहे हे मान्य.

दुसरा मुद्दा दिवसभर डोक्यात होता. आजींच्या खोलीत मी पाणी प्यायला गेले होते. पलंग, टीव्ही, देवाचा कोनाडा, पडद्यामागे चूल. भिंतीचा रंग कंबरेपर्यंत फुगलेला. त्या हाताने गुडघा दाखवत होत्या आणि मग भिंत दाखवत होत्या, ओल चढते असं सांगत असाव्यात. मूळ पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं. तरी चौथ्या मजल्यावरच्या बाईला चार जिने उतरावे लागू नयेत म्हणून खाली कुणीतरी दाणे भरून देतंय, हे मला मोलाचं वाटतं. दोन्ही एकाच बोळात होतं.

पो_काठी
१२ मे

मी बारा वर्षं उत्तर इटलीत, तुरीनमध्ये आहे. इथले लोकही नापोलीबद्दल, म्हणजे नेपल्सबद्दल, तेच बोलतात जे रानजाईला लोकांनी सांगितलं. माझ्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांनी ते शहर पाहिलेलं नाही, पण मत सगळ्यांचं आहे. १८६१ ला देश एक झाला तोवर नापोली एका स्वतंत्र राज्याची राजधानी होती. १२२४ ला स्थापन झालेलं विद्यापीठ तिथं, १७३७ चं सान कार्लो ऑपेरागृह तिथं. नंतर सत्ता आणि पैसा उत्तरेकडे गेला, माणसं कामासाठी त्यामागे आली आणि इथं त्यांना घरं भाड्याने मिळेनात. आपल्याला हे काही नवीन नाही.

बास्सोंबद्दल थोडं. शहर तटबंदीच्या आत अडकलेलं, माणसं वाढत गेली, म्हणून इमारती उंच होत गेल्या आणि तळाच्या गोदामांत, तबेल्यांतही माणसं राहायला लागली. १८८४ ला कॉलरा आला आणि हजारो लोक गेले. मग सरकारने कायदा करून जुन्या वस्त्यांमधून रुंद रस्ता काढला, तो आजचा कोर्सो उम्बेर्तो. म्हणजे सरळमार्गी म्हणतात ते दुखणं तिथल्यांनाही दीडशे वर्षं ठाऊक आहे. आता नवीन दुखणं सुरू झालंय. बास्सो रंगवून, एसी लावून प्रवाशांना रोजच्या भाड्याने देतात आणि जुन्या भाडेकरूंना निघावं लागतं. रानजाई, तुम्ही कुठे उतरला होतात?

रानजाई
१२ मे

अशाच एका घरात, दुसऱ्या मजल्यावर. घर छान होतं. घेताना हा विचार आला नव्हता. पुढच्या वेळी जिथं मालक स्वतः राहतो अशी खोली बघेन.

तांबडा_पांढरा
१३ मे

एवढे प्रतिसाद झाले आणि पिझ्झ्याचा विषय नाही? मी कोल्हापूरचा, खाण्यावर बोलणारच.

तिथला पिझ्झा मध्ये ओला असतो. आपले लोक 'कच्चा आहे' म्हणून परत पाठवतात. तो कच्चा नसतो. लाकडाच्या भट्टीत सव्वाचारशे-साडेचारशे अंशांच्या पुढे तापमान असतं, पिझ्झा आत जातो आणि मिनिटा-दीड मिनिटात बाहेर येतो. कडा फुगून काळे ठिपके पडतात आणि मधला भाग टोमॅटोच्या रसाने मऊ राहतो. मी एका भट्टीसमोर उभा राहून बघत होतो. एक जण फक्त गोळा हाताने पसरत होता, लाटणं नाही. बोटं मधून बाहेर, हवा कडेकडे ढकलत, मग उचलून एका हातावरून दुसऱ्या हातावर आपटायचा. भाकरी थापणारी बाई आणि तो, दोघांचे हात सारखेच चालतात. या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मान दिलाय.

रस्त्यावर खायचा असेल तर चौघडी करून कागदात देतात. पाकिटाची घडी म्हणतात त्याला. मार्गेरिता पाच-सहा युरोत, आणि एक माणूस पोटभर.

निरामिष
१३ मे

शाकाहाऱ्यांसाठी थोडं, कारण हे कुणी सांगत नाही आणि मग मनाला लागतं.

मार्गेरिता चालतो. मारिनारामध्ये चीजही नसतं, नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल. नाव ऐकून लोकांना त्यात मासे असतील वाटतं, नसतात. वांग्याची पार्मिजाना मिळते, मेथीसारखी कडसर पालेभाजी 'फ्रिआरिएल्ली' मिळते, पण ती बहुतेक वेळा सॉसेजबरोबर देतात, आधी सांगावं लागतं.

जपायचं ते इथं : मिरी घातलेले कडक 'ताराल्ली' रस्तोरस्ती असतात, दिसायला खारी-बिस्किटासारखे, पण पारंपरिक पद्धतीत त्यात डुकराची चरबी असते. पापुद्र्याची 'स्फोल्यातेल्ला' गोड असते, तिच्या पिठातही मुळात चरबीच. तळलेल्या पिझ्झ्यातही डुकराचे तुकडे असू शकतात. 'स्त्रुत्तो' आणि 'सुन्या' हे दोन शब्द लक्षात ठेवा, दोन्हीचा अर्थ चरबी. सासूबाईंसाठी मी कागदावर लिहून नेलं होतं आणि प्रत्येक दुकानात दाखवत होते. एकदाही कुणी वैतागलं नाही. एका बेकरीवाल्याने तर दोन दुकानं पुढे नेऊन तेलातले ताराल्ली दाखवले.

सदाशिव_पेठकर
१३ मे

दुपारी दीड ते साडेचार बरीच दुकानं बंद. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

ओसरी
१३ मे

वाट बघत होते की हे कोण आधी लिहितंय.

कातळ
१४ मे

मी भूशास्त्र शिकवतो. नेपल्समध्ये सगळे वर बघतात, मी खाली बघतो. ते शहर ज्या दगडावर आहे त्याच दगडाचं आहे. पिवळसर रंगाचा मऊ दगड, ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला थर, टफ. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट छिन्नीला सहज दाद देत नाही. हा टफ लोण्यासारखा कापला जातो आणि हवेत राहून कठीण होतो. ग्रीकांनी तो जमिनीखालून काढला आणि वर घरं बांधली. खाली झालेल्या पोकळ्यांत नंतर पाणी साठवलं. म्हणजे कित्येक जुन्या घरांखाली असं रिकामं पोट आहे.

रानजाई, तुमचं हे राहिलं असेल तर पुढच्या वेळी नक्की करा. पियात्सा सान गाएतानोपासून खाली उतरता येतं, सुमारे ४० मीटर. एका जागी भिंती इतक्या जवळ येतात की आडवं होऊन सरकावं लागतं, आणि पुढे एकदम टाकीत पाणी दिसतं. दुसऱ्या महायुद्धात लोक इथंच लपायचे. भिंतींवर त्यांनी विमानांची, बॉम्बची चित्रं ओरखडून ठेवली आहेत. शेवटी वर येऊन एका बास्सोत नेतात. पलंग बाजूला सरकवला की फरशीत झडप, आणि झडपेखाली रोमन नाट्यगृहाची भिंत. निरो बादशहा इथल्या नाट्यगृहात गायला होता. त्यावर कुणाचा तरी पलंग होता.

आणि पोत्सुओलीला जा, अर्ध्या तासावर. बाजाराच्या भग्न अवशेषात तीन उंच संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांच्यावर माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर एक पट्टा आहे, सगळा भोकाभोकांचा. ती भोकं दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी पाडली. म्हणजे हे खांब उभेच्या उभे समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. तिथली जमीन ज्वालामुखीमुळे श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने १८३० मध्ये आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं. १९८२ ते ८४ या काळात गाव जवळजवळ पावणेदोन मीटर उचललं गेलं, बंदरात होड्या टेकायला लागल्या. मी दरवर्षी मुलांना फळ्यावर हे काढून दाखवतो. प्रत्यक्ष त्या पट्ट्यासमोर उभा राहिलो तेव्हा घसा दाटून आला.

दर्यावर्दी
१४ मे

कातळसाहेब, होड्या टेकल्याचं पोत्सुओलीतल्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडून ऐकलंय. तो म्हणाला, आमच्याकडे समुद्र मागे जातो तेव्हा आम्ही समुद्राकडे नाही, पायाखाली बघतो.

वाटसरू_७
१४ मे

माराडोनाचा उल्लेख नाही म्हणून लिहितो. १९८४ ते ९१ तिथं खेळला, १९८७ आणि ९० ला लीग जिंकून दिली. दक्षिणेतल्या क्लबाने उत्तरेच्या श्रीमंतांना हरवलं, ही तिथल्या लोकांच्या लेखी स्वातंत्र्याची गोष्ट आहे. स्पॅनिश क्वार्टर्समध्ये त्याचं भिंतभर चित्र आहे, समोर मेणबत्त्या, हार, नवस. सान जेन्नारोच्या शेजारी त्याचा फोटो लावलेला मी चहाच्या, चुकलो, कॉफीच्या दुकानात पाहिला.

पो_काठी
१४ मे

कॉफीवरून. तिथं कॉफीआधी पाण्याचा छोटा ग्लास देतात. तोंड स्वच्छ करून मग कॉफी प्यायची, नंतर पाणी प्यालात तर कॉफी आवडली नाही असं समजतात. आणि 'काफे सोस्पेसो' : एक कॉफी प्यायची, दोनचे पैसे द्यायचे. दुसरी, ज्याच्याकडे पैसे नसतील त्याच्यासाठी. कुणी दिली, कुणी प्याली, एकमेकांना कळत नाही.

शिलेदार
१५ मे

थोडं अवांतर, पण त्याच वाटेवरचं. रोमहून नेपल्सला जलद गाडीने सव्वा तासात पोचता, तेव्हा कासिनो कळत नाही. कासिनोमार्गे जाणाऱ्या साध्या गाडीने गेलात तर ते स्टेशन लागतं. डोंगरावर मठ आणि पायथ्याशी युद्धस्मशान. १९४४ च्या जानेवारी ते मे इथं चार लढाया झाल्या. चौथी आणि आठवी भारतीय डिव्हिजन इथं लढल्या, आठवीत मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. त्याच मार्चमध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, तो आजवरचा शेवटचा.

तिथं ज्यांची समाधी सापडली नाही त्यांची नावं हिरव्या संगमरवरावर कोरली आहेत. त्यात नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथंच पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस. माझे आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीतून परत आले, पण त्यावर घरी कधी बोलले नाहीत. मी कासिनोला गेलो तेव्हा तिथं दुसरं कुणीही नव्हतं. मराठी नावं मोठ्याने वाचत गेलो. कुणीतरी वाचावीत असं वाटलं.

नेपल्सच्या दिवसांत एक दिवस कासिनोचा धरा, ही माझी विनंती.

ओसरी
१५ मे

शिलेदार, वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. जाणार असेन तेव्हा तुमच्याकडून नावं घेऊन जाईन.

मणी_खापर
१६ मे

उशिरा आले. पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे, आणि रानजाई, तुमचा तो मंगळवार वाचून जीव हळहळला, कारण त्या संग्रहालयात आपली एक बाई आहे.

१९३८ मध्ये पॉम्पेईत पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना एका घरात हस्तिदंती मूर्तीचे तुकडे सापडले. जोडल्यावर उभी स्त्री झाली, सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. अंगावर दागिने सोडून काही नाही, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. इसवी सन ७९ मध्ये पॉम्पेई राखेखाली गेलं, तेव्हा मूर्ती त्याआधी तिथं पोचलेली होती हे नक्की. आधी तिला लक्ष्मी म्हणायचे, नंतर बऱ्याच अभ्यासकांनी यक्षी म्हटलं. डोक्यातून खाली भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावी असं मानतात.

आता आपल्याकडची बाजू. जालना जिल्ह्यात भोकरदन आहे, प्राचीन भोगवर्धन. उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं गाव. तिथं १९७० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात अशीच हस्तिदंती स्त्री सापडली, अर्धीच, पण तशाच दासी, तसेच पायातले दागिने. धाराशिवजवळच्या तेरलाही याच जातीची मूर्ती मिळाली. त्यामुळे पॉम्पेईची बाई दख्खनची असावी असं अनेकांचं मत आहे. विरुद्ध मतही आहे : तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि ती लिपी वायव्येकडची. मला दख्खनचं म्हणणं पटतं. वाटेतल्या व्यापाऱ्याने किंवा जोडणाऱ्या कारागिराने खूण म्हणून अक्षर कोरलं असू शकतं.

पैठण आणि तेरहून माल गाड्यांनी भडोचला जायचा, हे पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या वाटाड्या-पुस्तकातच आहे. तिथून तांबडा समुद्र, नाईल, अलेक्झांड्रिया, आणि तिथून कातळसरांच्या पोत्सुओलीचं बंदर. पूर्वेकडचा माल तिथं उतरायचा.

कातळ
१६ मे

पोत्सुओलीला उभा होतो तेव्हा हे माहीत असतं तर! तिथल्याच बंदरात तिच्यासोबतचा माल उतरला असेल.

केळणाकाठ
१७ मे

मी भोकरदनचा. वाचनमात्र असतो, आज लिहितो आहे.

आमच्या गावाशेजारी केळणा नदीच्या काठाला पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, आहे. लहानपणी पहिला पाऊस पडून गेला की आम्ही पोरं तिथं जायचो, कारण मातीतून मणी वर यायचे. लाल, काळे, कधी शंखाचे. ते गोट्यांच्या बदल्यात द्यायचो. मास्तर सांगायचे गाव फार जुनं आहे, पण किती आणि कसं ते कुणी सांगितलं नाही. जालन्याला शिकायला गेलो तेव्हा 'भोकरदन कुठे आलं' विचारायचे. आमच्या गावची मूर्ती इटलीत आहे हे मला ४१ व्या वर्षी या धाग्यावर कळलं. मणी_खापर, तुमचे आभार मानायला शब्द नाहीत. तुमच्यापैकी कुणी तिथं गेलं तर तिचा नीट फोटो काढून मला पाठवाल का? पायांचा जवळून.

मणी_खापर
१७ मे

ते लाल मणी कार्नेलियनचे असणार. आता सापडले तर जागचे हलवू नका, फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा, ही कळकळीची विनंती. फोटोचं कुणीतरी नक्की करेल.

सरळमार्गी
१७ मे

नेपल्सबद्दल माझं मत तेच आहे, पण या बाईसाठी पुन्हा जावं लागेल असं दिसतंय.

पो_काठी
२६ ऑक्टोबर

धागा वर काढतो आहे, कारण मणी_खापरने केळणाकाठला दिलेला फोटोंचा शब्द पाळला. गेल्या गुरुवारी कामासाठी नापोलीला गेलो होतो, दुपार मोकळी काढली.

ती हस्तिदंती बाई पुरातत्त्व संग्रहालयाच्या 'गुप्त दालना'त आहे. पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तू एकत्र ठेवलेली खोली. लोक हसत, एकमेकांना कोपरखळ्या मारत फिरत होते. तिच्यापाशी बहुतेक जण न थांबता पुढे जात होते. मी अर्धा तास थांबलो. रंग जुन्या तुपासारखा. तडे जोडलेले दिसतात. एक हात मागे मानेकडे नेलेला, पाय एकमेकांत अडकवून उभी. हातात कोपरापर्यंत बांगड्या. पाठीवर वेणी. आणि केळणाकाठ, तुम्ही म्हणालात तसे पाय नीट पाहिले. घोट्यापासून वर जवळजवळ गुडघ्यापर्यंत एकावर एक वळी चढवलेली आहेत. कारागिराने प्रत्येक वळं वेगळं मोजून कोरलंय. दासी तिच्या कंबरेएवढ्याही नाहीत, हातात शृंगाराची भांडी धरून वर बघतात.

तिथल्या रखवालदाराने विचारलं, एवढा वेळ काय बघताय? म्हटलं, माझ्या एका मित्राच्या गावची आहे. त्याने खुर्ची सोडली आणि माझ्याबरोबर येऊन पहिल्यापासून पाहिली.

अकरा फोटो पाठवलेत.

केळणाकाठ
२७ ऑक्टोबर

फोटो मिळाले. रात्री आईला दाखवले. तिने चष्मा लावला, मोबाईल जवळ घेतला आणि आधी पायांवरच बोट ठेवलं. म्हणाली, "हे तर वाळे हायेत, तांड्यावरच्या बायका घालायच्या तसे. जड असतात, चालताना पाय फेकत चालावं लागतं. ही उभी हाय म्हणून बरंय." मग विचारलं, कुठं हाय म्हणे ही? सांगितलं. म्हणाली, "एवढ्या लांब गेली?" आणि बराच वेळ फोन परत दिला नाही.

एक फोटो मोठा करून गावच्या शाळेत लावायचं हेडमास्तरांशी बोललो आहे. ते हो म्हणालेत.

मणी_खापर
२७ ऑक्टोबर

शाळेतल्या फोटोखालचा मजकूर मी लिहून देते. दोन्ही मतं लिहू, खरोष्ठीचंही.

रानजाई
२८ ऑक्टोबर

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. आठ दिवस : चार शहराला, एक प्रोचिदा, एक पोत्सुओली, एक कासिनो, आणि एक पूर्ण दिवस संग्रहालयाला, मंगळवार सोडून. पुढच्या वर्षी जातोय, तिकिटं या आठवड्यात काढणार. शिलेदार, नावांची यादी पाठवा.

आई विचारते आहे, आजींकडच्या त्या शेंगा नेमक्या कोणत्या महिन्यात येतात.

पो_काठी
२८ ऑक्टोबर

एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत. जूनमध्ये गेलात तर जून होतात.